घुबड आजारी आहे हे ओळखायचं कसं? उपचार केंद्रातल्या नव्या स्वयंसेवकांसाठी

कुत्रं आजारी पडलं की कोपऱ्यात जाऊन बसतं, खाणं सोडतं, डोळे मिटून पडून राहतं. घुबड ठणठणीत असलं तरी दिवसभर नेमकं हेच करतं. कोपरा धरून बसतं, डोळे अर्धवट मिटलेले असतात आणि तुम्ही समोर असाल तर उंदराकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यातून अंगावर पिसांचा एवढा थर की आत नुसती हाडं उरली तरी वरून गुबगुबीत दिसतं. अशक्तपणा दाखवणं शिकारी पक्ष्याला परवडत नाही, म्हणून तो अगदी शेवटपर्यंत ताठ बसतो. आपल्याला 'काल तर बरं होतं' असं वाटलेलं घुबड सकाळी मेलेलं सापडतं ते यामुळेच.

तेव्हा पहिली सवय लावून घ्यायची ती ही, की घुबडाच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचा नाही. वजनाचा काटा, खाली अंथरलेला कागद आणि त्याने ओकून टाकलेली पेलेट, म्हणजे न पचलेल्या केस-हाडांची गोळी, या तीन गोष्टींवर विश्वास ठेवायचा. पुढचं सगळं यांच्याच आधाराने लिहिलं आहे. उदाहरणं मुख्यतः दोघांची आहेत, गव्हाणी घुबड आणि पिंगळा, कारण महाराष्ट्रातल्या कुठल्याही केंद्रात सर्वांत जास्त येतात ती हीच.

आधी कायदा

भारतात घुबड पाळता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सगळ्या देशी घुबडांना संरक्षण आहे आणि वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता मानली जाते. जखमी घुबड हाती आलं तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे कळवणं बंधनकारक आहे. खरं तर 48 तास वाट पाहायचं कारणच नाही, वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे. 'चार दिवस घरी ठेवतो, बरं झालं की सोडतो' म्हणणारा माणूस मनाने कितीही चांगला असला तरी त्याच्या घरून आलेलं घुबड बहुतेक वेळा आलं तेव्हापेक्षा वाईट अवस्थेत असतं. या लेखातली कुठलीच कृती घरी बसून करायची नाही. ती केंद्रात, पशुवैद्यकाच्या हाताखाली करायची आहे. घरी करण्यासारखं काम एकच आहे, ते पुढे आलंच आहे.

दिवाळीच्या आधी जरा जास्त सावध राहा. अमावास्येच्या जादूटोण्यासाठी धरलेली घुबडं याच दिवसांत छाप्यातून सुटून येतात. पंख कापलेले, पायाला दोरा करकचून बांधलेला, कित्येक दिवस पोटात धड काही नाही. संक्रांतीच्या आसपास मांज्याने कापलेली येतात, तर मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातून उन्हाने कोसळलेली. घुबड कोणत्या महिन्यात आणि कुठून आलं, हे समजलं की निम्मा इतिहास कळतो. आणणाऱ्याला दारातून परत पाठवू नका. कुठे सापडलं, कसं पडलं होतं, काय पाजलं, काय खाऊ घातलं, हे सगळं विचारून लिहून घ्या. 'काही नाही, थोडं दूध पाजलं' हे उत्तर इतक्यांदा येतं की आमच्या नोंदवहीत आता त्याचा वेगळा रकाना आहे.

पहिला अर्धा तास

घरी करण्यासारखं आणि केंद्रात सर्वांत आधी करायचं काम हेच. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, बाजूंना भोकं पाडा, तळाला जुनी सुती चादर घाला, घुबड आत ठेवा, झाकण लावा आणि शांत ठिकाणी ठेवून द्या. लोखंडी जाळीचा पिंजरा नको. त्यात धडपडून पिसांची टोकं मोडतात. घुबडाची सगळी शिकार आवाज न करता उडण्यावर चालते, त्यामुळे पंखाची कड खराब झाली की बरं झालेलं घुबडही पुढच्या पिसझडीपर्यंत अडकून पडतं. टर्किश टॉवेलही नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात.

रक्त वाहत असेल तर तेवढं स्वच्छ कापसाने दाबून थांबवा. बाकी तपासणी अर्ध्या तासाने. धक्क्यातल्या पक्ष्याला लगेच उलटसुलट करून पाहिलं तर तो हातातच जाऊ शकतो. अंग गार लागत असेल तर खोक्याच्या एका बाजूला, बाहेरून, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून लावा. एकाच बाजूला लावायची, म्हणजे नको वाटली तर त्याला सरकायला जागा राहते. आत साधारण 28 ते 32 अंश पुरतात. उन्हाने कोसळलेल्या घुबडाला अर्थातच ही ऊब द्यायची नाही. त्याला सावली, वारा आणि ओले पाय एवढंच.

मांजा अंगात रुतला असेल तर ओढू नका. दोन्ही बाजूंनी कापा, रुतलेला तुकडा तसाच ठेवा, डॉक्टर काढतील.

दुरून पाहा

खोक्यातून मोकळ्या जागी ठेवल्यावर दोन-तीन मिनिटं दुरूनच पाहा. इथे नवी माणसं दोन्ही बाजूंनी चुकतात. चोच टकटक वाजवणं, लांबलचक फुत्कार टाकणं, अंग फुगवून डुलणं हे आजाराचं लक्षण नाही. घुबड तुम्हाला 'जा' म्हणतं आहे आणि तसं म्हणायची ताकद त्याच्यात आहे, ही चांगलीच गोष्ट. पिल्लं पोटावर, मान खाली टाकून झोपतात. ती मेली समजून घाबरू नका. दिवसा कावळ्यांच्या घोळक्यात सापडलेला पिंगळा कित्येकदा फक्त बेजार झालेला असतो. संध्याकाळी त्याला त्याच झाडाजवळ सोडलं की झालं.

उलट, तुम्ही जवळ गेलात तरी डोळे न उघडणारं, टकटक न करणारं, शांतपणे हातात येणारं घुबड 'गरीब' नाही, गंभीर आजारी आहे. श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत असेल, चोच उघडी असेल, एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली लोंबत असेल, मान एका बाजूला कललेली असेल किंवा घुबड नख्यांच्या जोरावर न बसता घोट्यांवर टेकून बसलं असेल, तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

हातात घेऊन तपासणी

घुबडाची चोच फारसं काही करत नाही, पाय करतात. सुती पंचा अंगावर टाका, मागून पंखांसकट धरा आणि दोन्ही पाय एका हातात मांडीपाशी पकडा. छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचा भाता हलला तरच श्वास चालतो. घट्ट धरलेलं घुबड गुदमरतं आणि धरणाऱ्याला वाटतं ते शांत झालं.

तपासणी नेहमी एकाच क्रमाने करा, म्हणजे काही सुटत नाही. मी छातीपासून सुरू करते. छातीच्या मधोमध उभं हाड असतं, त्याच्या दोन्ही बाजूंनी बोट फिरवा. दोन्हीकडे मांस गोल भरलेलं लागलं तर अंगाने ठीक. हाड सुरीच्या धारेसारखं बोटाला लागलं आणि दोन्ही बाजूंना खड्डे असले, तर हा आजचा अपघात नाही. हे घुबड बरेच दिवस उपाशी आहे आणि त्याच्या जखमेमागे दुसरं कारण आहे. 'गाडीला धडकलं' म्हणून आलेलं घुबड असं हडकुळं निघालं, तर ते का धडकलं हे शोधावं लागतं. एका डोळ्याने दिसत नव्हतं का? विष खाल्लं होतं का?

मग वजन. गव्हाणी घुबड आपल्याकडे ढोबळमानाने 300 ते 450 ग्रॅमचं असतं, पिंगळा साधारण 100 ते 120 ग्रॅमचा. एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा हवा, भाजीवाल्याचा नाही. 110 ग्रॅमच्या पिंगळ्याचे 10 ग्रॅम गेले म्हणजे जवळपास दहावा हिस्सा गेला, आणि हे डोळ्यांना अजिबात दिसत नाही. रोज एकाच वेळी, खाणं देण्याआधी वजन घ्या. पेलेट टाकायच्या आधी की नंतर घेतलं तेही लिहा.

तोंड उघडून आतला रंग पाहा. गुलाबी हवा. फिकट पांढरट असेल तर रक्त कमी आहे. लाळेच्या तारा ओढल्या जात असतील, डोळे खोल गेलेले असतील, पायावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू बसत असेल, तर पाणी कमी पडलं आहे. तोंडात पिवळट-पांढरा, चिकटलेला थर दिसला तर खरवडू नका. खाली रक्त येतं, आणि तपासणीसाठी नमुना डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

डोळ्यांना वेळ द्या. घुबडाचा डोळा गोल नसून नळीसारखा असतो, हाडांच्या कड्यात घट्ट बसलेला, म्हणून घुबडाला बुबुळं फिरवता येत नाहीत आणि मान फिरवावी लागते. एवढा मोठा डोळा पुढेच असल्याने धडकेत पहिला मार त्यालाच बसतो. पिंगळ्याच्या पिवळ्या डोळ्यात बाहुली छान दिसते. गव्हाणीच्या काळ्याभोर डोळ्यात बॅटरीशिवाय काही कळत नाही. दोन्ही बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या तर आधी खिडकी कोणत्या बाजूला आहे ते पाहा. पक्ष्यांच्या बाहुल्या एकमेकींवर फारशा अवलंबून नसतात, उजेडाकडची लहान होणारच. दोन्हीकडे सारखा उजेड असूनही फरक राहिला तर डोक्याला मार असू शकतो. डोळ्याच्या आत तळाशी रक्त साचलेलं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. घरातले किंवा कपाटातले कुठलेही थेंब घालू नका. स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच नाहीत, बुबुळाला जखम असेल तर डोळा जाईल.

कान बहुतेक जण विसरतात. चेहऱ्याच्या तबकडीच्या कडेची पिसं हलकेच पुढे सारली की कानाचं मोठं छिद्र दिसतं, आणि त्यातून चक्क डोळ्याची मागची बाजू दिसते. पहिल्यांदा पाहणारा दचकतोच. धडकेनंतर इथे रक्त दिसलं तर डोक्याला मार नक्की. गव्हाणी घुबड अंधारात कानांवर उंदीर पकडतं, त्यामुळे त्याच्या कानाची नोंद डोळ्याइतकीच महत्त्वाची.

शेवटी पंख एकेक करून उघडा आणि दुसऱ्याशी ताडून पाहा, तळपाय पाहा, गुदद्वाराभोवतीची पिसं पाहा. जखमेत किंवा पिसांच्या मुळाशी तांदळाच्या बारीक कण्यांसारखे पुंजके दिसले तर ती माशीची अंडी. चिमट्याने आणि बारीक कंगव्याने तेव्हाच काढा. एका दिवसात त्यांच्या अळ्या होतात. पिसांतून सरसर पळणारी चपटी माशी दिसेल, ती घाणेरडी दिसते पण थोड्या असल्या तर चालतं. खूप असल्या तर समजायचं की घुबड बरेच दिवस स्वतःची पिसं साफ करू शकलेलं नाही.

सगळी तपासणी पाचेक मिनिटांत उरकली पाहिजे. ठेवल्यावर धाप दोन-तीन मिनिटांत बसावी. बसली नाही तर फुप्फुसाकडे किंवा वायुपिशव्यांकडे (फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्यांकडे) लक्ष द्यावं लागेल.

पाणी आधी, अन्न मग

उपाशी घुबड आलं की प्रत्येकाचा हात आधी उंदराकडे जातो. हात आवरा. सुकलेल्या, उपाशी शरीरात एकदम जड अन्न गेलं तर ते पोटात कुजतं, किंवा रक्तातले क्षार अचानक बिघडून घुबड दगावतं. आधी ऊब, मग पाणी, मग शीट पडू लागली की अन्न.

पाणी चोचीत ओतायचं नाही. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं, ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. डॉक्टर कातडीखाली सलाइन देतात किंवा नळीने थेट पोटात पाणी सोडतात. नळी घालायला प्रत्यक्ष पाहून शिका, वाचून नाही. अंदाज हवा म्हणून सांगते, पक्ष्याला दिवसाला वजनाच्या साधारण 5 टक्के पाणी लागतं. 110 ग्रॅमच्या पिंगळ्याला हे पुऱ्या दिवसात पाच-सहा मिलीलिटर होतं, तेही अनेक वेळांत विभागून. सुकलेलं असेल तर किती वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील. एवढंसं पाहिलं की वाटीभर पाणी पाजून आलेल्या घुबडांची धाप का थांबत नाही हे कळतं.

पहिलं अन्न म्हणजे केस, हाडं आणि आतडी काढलेल्या उंदराच्या मांसाचे छोटे ओलसर तुकडे. दोन-तीन दिवस पचलं की केस-हाडांसकट पूर्ण उंदीर किंवा हॅचरीतली कोंबडीची एक दिवसाची पिल्लं. गोठवलेलं असेल तर पूर्ण वितळवून, कोमट करून. दूध, पाव, भिजवलेली डाळ, पनीर, उकडलेला भात हे घुबडाचं अन्न नाही. नुसतं बोनलेस चिकनही नाही, हे मात्र शिकल्यासवरल्यांना पटवावं लागतं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. वाढत्या पिल्लाला काही आठवडे तेच दिलं तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं, पाय वाकतात, पंख नुसता उघडला तरी मोडतो. घरी 'लाडाने वाढवलेलं' म्हणून आणून दिलेलं पिल्लू बहुधा या अवस्थेत असतं, आणि वाकलेली हाडं सरळ होत नाहीत.

सापळ्यातले, रस्त्यावरचे, शेजाऱ्याने आणून दिलेले उंदीर वापरू नका. त्यांनी काय खाल्लं आहे हे कोणालाच माहीत नसतं. कबुतरंही नकोत, कारण पुढे येतंच.

कागद वाचायला शिका

खोक्यात किंवा खोलीत पांढरा कागद अंथरा. वर्तमानपत्राने शिटेचा रंग कळत नाही. निरोगी शिटेत तीन भाग दिसतात: मधला गडद भाग, भोवतीचा पांढराशुभ्र चुना आणि थोडं स्वच्छ पाणी. याशिवाय दिवसातून एकदा-दोनदा चॉकलेटी-तपकिरी, चिकट, भयंकर वासाची शीट पडते. ती पाहून नवा स्वयंसेवक हमखास 'जुलाब' असं लिहून ठेवतो. जुलाब नाहीत ते. घुबडाला मोठी आंधळी आतडी असतात, त्यांचं हे नेहमीचं काम. ती शीट पडते आहे म्हणजे पोट चालू आहे.

काळजी कशाची करायची? चुन्याचा पांढरा रंग हिरवा-पिवळा झाला तर यकृताची. मधला भाग गडद हिरवा आणि अगदी थोडा असेल तर बहुधा पोट रिकामं आहे. रक्त दिसलं, किंवा नुसतंच पाणी पडत राहिलं, तर नमुना ताजा असतानाच बाटलीत भरा. कृमी आणि कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशीय परजीवी) सूक्ष्मदर्शकाखाली लगेच दिसतात. वाळलेल्या कागदावरून काही होत नाही.

पेलेटचा नियम सोपा आहे. केस-हाडं खाल्लेलं घुबड ती न पचलेली सामग्री गोळी करून साधारण दिवसाच्या आत ओकून टाकतं. निरोगी गोळी करडी, घट्ट असते, फारसा वास नसतो, आत स्वच्छ हाडं. गोळी ओली, लिबलिबीत, सडक्या वासाची किंवा मांस न पचलेली असेल तर काहीतरी बिघडलं आहे. आणि आदली गोळी पडल्याशिवाय पुढचा अख्खा उंदीर द्यायचा नाही. पूर्ण उंदीर खाऊनही दीड-दोन दिवस गोळी पडली नाही तर डॉक्टरांना सांगा. गोळी पाहायला कंटाळू नका, चिमट्याने फोडा. मला स्वतःला केंद्रातलं हेच काम सर्वांत आवडतं.

वारंवार दिसणारे आजार

*तोंडातला पिवळा थर.* कबुतरांच्या तोंडात राहणारा ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय जीव हे याचं नेहमीचं कारण. कबुतर खाल्लेल्या घुबडाच्या तोंडात चीजसारखा थर धरतो, घास गिळता येत नाही, घुबड घास तोंडात घेऊन टाकून देतं, मान झटकतं. पण बुरशीने आणि एका प्रकारच्या कृमीनेही असाच थर येतो आणि तिघांची औषधं वेगळी. म्हणून आधी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली. ट्रायकोमोनासवरचं मेट्रोनिडाझोल कपाटात आहे म्हणून देऊन टाकायचं नाही.

*श्वासाची बुरशी, म्हणजे अ‍ॅस्परजिलोसिस.* ही बहुतेक वेळा आपणच देतो. ओलं गवत, बुरसटलेला भुसा, कोंदट खोली आणि दमलेलं घुबड, एवढं पुरतं. सुरुवातीला फक्त वजन उतरतं, खाणं चालू असतं. मग आवाज बदलतो, थोड्या हालचालीने धाप लागते. तोपर्यंत उशीर झालेला असतो. बुरशीची औषधं आठवडे-महिने चालतात आणि यकृतावर ताण आणतात. पावसाळ्यात कोकणात तर गवताचं अंथरूण वापरूच नका. कागद किंवा धुतलेली सुती चादर रोज बदला.

*तळपाय सुजणं.* हा मुख्यतः बंदिवासाचा आजार. गुळगुळीत, एकाच जाडीच्या दांडीवर किंवा सिमेंटवर दिवसचे दिवस बसून तळव्याच्या एकाच जागेवर भार येतो. एक पाय दुखावलेला असेल तर सगळा भार दुसऱ्यावर, म्हणून चांगल्या पायाकडे जास्त लक्ष द्या. तळव्यावर बारीक दाणेदार नक्षी असते. ती सपाट होऊन कातडी गुलाबी, चकचकीत दिसू लागली की सुरुवात झाली. या टप्प्यावर नुसत्या बैठका बदलल्या तरी काम होतं: वेगवेगळ्या जाडीच्या, काथ्याने किंवा कृत्रिम हिरवळीने गुंडाळलेल्या. काळी खपली धरून सूज आली तर आत पू आणि जंतू हाडापर्यंत जाऊ शकतात, मग ड्रेसिंग, प्रतिजैविकं, कधी शस्त्रक्रिया. आठवड्यातून एकदा तळपायांचा फोटो काढून ठेवा. रोज पाहणाऱ्याला बदल कळत नाही.

*उंदराचं विष.* ब्रोमाडिओलोनसारखी विषं रक्त गोठू देत नाहीत. विष खाल्लेला उंदीर काही दिवस जिवंत फिरतो, मंदावतो आणि घुबडाला आयता सापडतो. घुबडावर जखम दिसत नाही, पण तोंड पांढरं पडलेलं, अशक्तपणा आणि सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नाही. यावर उतारा आहे: व्हिटॅमिन के1. हे विष यकृतात बराच काळ टिकतं, म्हणून औषध आठवडेच्या आठवडे द्यावं लागतं. चार दिवसांत टवटवीत दिसलं म्हणून थांबवलं की पुन्हा रक्तस्राव होतो. शेतात उंदरांसाठी घुबडांचा आसरा हवा आणि गोठ्यात विषाच्या वड्याही हव्यात, असं दोन्ही जमत नाही हे सांगायची संधी गावातून घुबड आणणाऱ्याशी बोलताना मिळते. घ्या ती.

*मान वाकडी होणं, थरथर, तोल जाणं.* डोक्याला मार, विष, व्हिटॅमिनची कमतरता, काहीही असू शकतं. पण कोंबड्यांची मानमोडी आणि बर्ड फ्लू हेही यात येतात. हे घुबड लगेच वेगळं करा. आसपास कोंबड्या किंवा कावळे मेले आहेत का ते विचारा. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या तेव्हा राज्यभर हा प्रश्न उभा राहिला होता. संशय असेल तर पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. खात्रीची तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते.

पापण्यांवर आणि पायांवर गाठी आल्या तर ती देवी असू शकते. त्यावर थेट औषध नाही. जखम चिघळू न देणं आणि डासांपासून दूर ठेवणं, एवढंच हातात असतं.

औषध आणि स्वच्छता

औषधाची गोळी उंदराच्या तुकड्यात लपवून चिमट्याने द्यायची, आणि तो तुकडा गिळला हे डोळ्यांनी पाहायचं. सकाळी कागदावर पडलेला सापडतो तो नेमका औषधाचाच तुकडा. वेळ संध्याकाळची ठेवा, तेव्हा भूक असते. माणसांची वेदनाशामकं, उरलेली प्रतिजैविकं, 'मागच्या घुबडाला दिलं होतं' ते औषध, यातलं काही नाही. मात्रा त्या दिवशीच्या वजनावर ठरते, म्हणूनही काटा रोज हवा.

दर घुबडामागे हातमोजे बदला, खोली साफ करताना मास्क लावा, वाळलेली शीट झाडू नका, ओली करून पुसा. आजारी घुबडाचं काम सर्वांत शेवटी. तुमच्या घरी कोंबड्या किंवा पोपट असतील तर केंद्रातले कपडे-चपला घरी नेऊ नका.

आणि त्याच्याशी बोलू नका. पिल्लांच्या बाबतीत तर हा उपचाराचाच भाग आहे. माणसाला आपलं मानलेलं घुबड अंगाने कितीही धडधाकट झालं तरी सोडता येत नाही.

सोडायचं कधी, आणि मेलं तर

जखम भरली म्हणजे घुबड बरं झालं असं नाही. वजन स्थिर, शीट-पेलेट नीट, मोठ्या पिंजऱ्यात दोन्ही बाजूंना वळून न धापता उडणं, आवाज न होता उडणं आणि अंधारात जिवंत उंदीर स्वतः पकडणं, हे सगळं जमलं पाहिजे. शेवटचा निर्णय डॉक्टर आणि वनविभागाचा. शक्य असेल तर सापडलं त्याच भागात, संध्याकाळी, पाऊस नसताना सोडतात.

मेलेलं घुबड पुरून टाकू नका. दोन प्लास्टिक पिशव्यांत बंद करून फ्रिजच्या खालच्या भागात ठेवा, बर्फात नाही. गोठलं की पेशी फुटतात आणि ऊतींची तपासणी करता येत नाही. नोंदवहीतला शेवटचा वजनाचा आकडा आणि शेवटच्या शिटेचं वर्णन शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना द्या, वनरक्षकाला पंचनाम्यासाठी फोन करा. आणि आठवण म्हणून एखादं पीस खिशात घालू नका, तेही सरकारी मालमत्ताच आहे.